पाणी अनियमित येते

नाही, नाही, घर बरोबर आहे. तक्रार माझीच. का हो, तुम्हाला काय वाटलं, मिशीला पीळ देणारा कुणी पुढारी दार उघडेल? इथे सगळ्यांना तसंच वाटतं. गल्लीत विचारा — कुणी म्हणेल किराणावाला, कुणी म्हणेल तो कोपऱ्यावरचा चिडका दातांचा डॉक्टर — माझ्यावर कुणाचा संशय नाही, आणि तो नसलेलाच बरा, तेव्हा जरा हळू बोला. म्हणजे तुम्ही बोलतच नाही आहात म्हणा, मघापासून मीच बोलतेय, पण खोकलात तरी हळू खोका, भिंती पातळ आहेत. बसा. त्या खुर्चीवर नको — नाही, मोडकी नाहीये, चांगली भक्कम आहे, पण ती राहू दे. स्टुलावर बसा. तुमचं वय आहे स्टुलावर बसायचं. आणि ती पिशवी मांडीवर कशाला धरलीय, ठेवा खाली, तुमचा तो पाटीसारखा संगणक कुणी पळवत नाही इथे. मला घाई नाहीये, मुळीच नाही, फक्त एवढंच, की ते तिकडे शेवटच्या रांगेपर्यंत पोचायच्या आत आपलं आटपायला हवं. ते म्हणजे कोण? त्या खिडकीतून बघा ना.

दिसलं? टाकीच्या पायथ्याशी तुमची ती सोलरची पॅनल पसरलीत, दुपारच्या म्हशींसारखी ऊन खात — आणि त्यांच्यामधून लांब दांड्याचं फडकं घेऊन जे गृहस्थ फिरताहेत ना, ते आमचे पंपवाले. पॅनल धुतात. धूळ बसली की वीज कमी, वीज कमी की पाणी कमी, म्हणून रोज सकाळी आंघोळ घालावी लागते त्यांना. आत्ता दुसऱ्या रांगेत आहेत. कोपरे फार निगुतीने पुसतात, त्यामुळे थोडा वेळ आहे आपल्याला. पण सायकलला हात लागला की तुम्ही उठायचं आणि मागच्या जिन्याने उतरायचं, विचारायचं नाही का म्हणून.

हं, नियम. तो मला ठाऊक आहे, सांगू नका. पहिला टप्पा म्हणजे आमचं खालचं गाव, दुसरा टप्पा म्हणजे टेकडीवरची वस्ती. विहीर, पंप, पॅनल, टाकी, घरोघर नळ, सगळं राज्य शासनाच्या पैशातून — आणि टेकडीसाठी पैसे कधी सुटणार, तर खालच्या टप्प्यात एकही तक्रार प्रलंबित नाही असा दाखला गेला की. बरोबर? मी सांगते, हा नियम कुणा इंजिनिअरने लिहिलेला नाही. हा कारकुनाने लिहिलाय. इंजिनिअर म्हणाला असता, पाणी आलं की नाही बघा. पाणी येवो न येवो, तक्रार येता कामा नये, हे सुचायला आमचंच डोकं लागतं. मी आवक-जावकला होते हो, उभं आयुष्य, इथेच, तालुक्याच्या कचेरीत. तुमच्यासारखे किती साहेब आले आणि किती गेले, त्यांच्या खुर्च्यांचे टॉवेल तेवढे मला आठवतात.

म्हणून तर तुमच्या खालच्या माणसांना माझी तक्रार बंद करता आली नाही. राग मानू नका, पण त्यात त्यांचा दोष नाही. 'पाणी येत नाही' असं सांगितलं असतं तर एक माणूस आला असता, नळ सोडून बघितला असता, पाणी आलेलं दिसलं असतं, झालं, तक्रार निकाली. मी त्या फोनवरच्या मुलीला सांगितलं, बाळ, लिही — 'पाणी अनियमित येते.' आता करा निकाली! माणूस आला आणि पाणी होतं, तरी मी म्हणणार, आत्ता आहे हो. नव्हतं, तर प्रश्नच मिटला. अनियमित हा शब्द ज्याने शोधला त्याचं चित्र कचेरीत लावायला हवं होतं. हसताय? हसा. तुम्हाला हसताना बघून बरं वाटलं, दारात उभे होतात तेव्हा वाटलं, जप्तीच आणलीय की काय.

पाणी घ्या. घ्या हो, गार आहे. माठातलं — कुठलं म्हणजे? नळाचंच, दुसरं कुठलं असणार इथे... हो. आलं होतं ना, पहाटे. म्हणजे पहाटे नाही, पहाटे कसं येईल, पहाटे ऊन कुठे असतं — काल. काल आलेलं भरून ठेवलं. आणि त्या कुंड्यांकडे काय बघताय? मिरची आहे. पुदिना आहे. तो गुलाब. पुदिना काय, कशावरही वाढतो. बरं, ओली आहे माती, असेल, झाडांना मी भांडी विसळलेलं पाणी — तुम्ही मुलं फार बारीक बघता. आमच्या वेळचे साहेब दारातूनच विचारायचे, काय, ठीक? ठीक, असं म्हटलं की चहा घेऊन जायचे. तुम्हाला चहा ठेवते. नाही, ठेवतेच, नाहीतरी दोन कपांचं आधण चढवायचंच असतं या वेळेला.

पंपवाल्यांचं विचारत होतात. नव्हतात विचारत? डोळ्यांनी विचारत होतात. उद्घाटनाला तुम्ही नव्हता, नाही का, तुमच्या आधीचे ते घामाघूम साहेब होते. ऐका मग. मोठा मांडव, मागे कापडी फलक, त्यावर 'स्वच्छ ऊर्जा, शुद्ध पाणी' आणि मंत्र्यांचा हात जोडलेला फोटो. टेबलावर हिरवं बटण. बटण दाबायचं की पंप सुरू, पंप सुरू की समोरच्या नळाला धार, धार चांदीच्या तांब्यात, टाळ्या. मंत्र्यांनी दाबलं बटण — आणि नेमका ढग आला. एवढासा हो, रुमालाएवढा. पण बसला की तळ ठोकून! नळाने एकदा नाक शिंकरल्यासारखं केलं आणि गप्प झाला. आता सगळे अधिकारी माना वर करून बघताहेत. मी नोकरीत कधी असं दृश्य पाहिलं नव्हतं, अख्खं खातं एका कर्मचाऱ्याची वाट बघतंय आणि तो जागेवर नाही. काय करणार, सूर्याला कारणे दाखवा नोटीस काढणार? तेवढ्यात मांडवाच्या मागून धड् धड् धड् धड् सुरू झालं. आमचे पंपवाले! जुना डिझेलचा पंप अजून त्याच पाइपाला जोडलेला होता, तो काढून न्यायचा राहिला होता, तो यांनी गुपचूप चालू केला. धार आली, तांब्या भरला, टाळ्या पडल्या. आणि मंत्री घसा ताणून, त्या धडधडीवरून ओरडून सांगताहेत — मित्रहो, ही ऊर्जा आवाज करत नाही! आणि फलकाच्या मागून, बरोब्बर 'स्वच्छ' या शब्दाच्या डोक्यावर, काळा धूर. मी एवढी हसले, एवढी हसले, शेजारणीने मला पाणी पाजलं. आणि मग बघते तर मांडवाच्या कडेला हे उभे, हाताला काळं लागलेलं, लहान मुलासारखे घाबरलेले. मला हसताना बघितलं त्यांनी. आणि मग तेही हसले.

'हे' म्हणाले का मी? नाही, 'ते' म्हणाले. ते. पंपवाले. तुम्ही चहा घ्या, निवतोय.

तर पुढे काय, जुना पंप भंगारात गेला. यांना — त्यांना — शासनाने सामावून घेतलं. सामावून घेणं म्हणजे काय, हातात फडकं दिलं. ज्या माणसाने तो पंप तान्ह्या बाळासारखा सांभाळला, त्याच्या आवाजातून त्याला बरं आहे की नाही हे ओळखलं, त्याला आता काचा पुसायच्या. तक्रार नाही केली हो त्यांनी. त्यांना तक्रार करताच येत नाही, ते खातं माझं. फक्त खिशातली ग्रीसची डबी सोडवत नाही. नव्या पंपाला कसलं ग्रीस? तो बिचारा विहिरीच्या तळाशी बुडून बसलेला, त्याचं तोंडही कुणी पाहिलं नाही. तरी डबी खिशात. माझ्या कपाच्या कानावर रोज काळा डाग — बघा, हा त्यांचा कप, घासून घासून नक्षी गेली, डाग जात नाही.

रोजच येतात, हो. नळ बघायला. पहिल्यांदा खरंच काहीतरी झालं होतं हो नळाला, तोटीत खडा अडकला होता. मी खिडकीतून हाक मारली, ते आले, खडा काढला, मी चहा दिला. त्या खुर्चीवर बसले. मग दुसऱ्या दिवशी... आता नळाचा काय भरवसा, परत बिघडला. आणि मग बिघडतच राहिला. आणि खरं सांगू का, माणूस देवमाणूस, पण नळातलं काही म्हणजे काही कळत नाही हो त्यांना! एवढा मोठा पंप चालवला आणि या एवढ्याशा तोटीपुढे हात टेकलेत. रोज पाना घेऊन यायचं, तोटी उघडायची, एक डोळा मिटून आत बघायचं, जसा काही आत कुणी राहतो, आणि सांगायचं — बाई, हवा धरलीय. कधी म्हणतात, दाब कमी आहे. कधी म्हणतात, आज ढग होता. लख्ख ऊन पडलेलं असतं आणि म्हणतात, ढग होता! वायसर तर एवढे बदललेत की त्या नळाचं मूळचं काही शिल्लक नाही. मी म्हणते, अहो, तुम्ही माणूस आहात की हवामान खातं? तर मान खाली घालून हसतात. मग चहा. मग थोडं बोलणं, त्यांच्या मुलाचं, तो लांब असतो, सुनेला इथली हवा मानवत नाही. माझं लग्न वगैरे नाही झालं, आई अंथरुणाला होती आणि मग आई नव्हती, तोवर मी हेडक्लार्क झाले होते, हेडक्लार्कला कोण मागणी घालतो? तेही विचारतात कधी काही. माझ्या मनगटाला पट्टी बघून विचारलं, काय झालं म्हणून. शिक्के मारून मारून झालंय, म्हटलं. तर किती वेळ मनगटाकडे बघत बसले. तेवढंच. तुम्ही काही भलतं समजू नका.

तिसरी रांग संपली का? बघा जरा. आहे ना अजून? बरं.

तक्रार कशाला केली मग? अहो, कारण तुमच्या लोकांनीच पत्रक काढलं ना, की गावातले सगळे नळ सुरळीत चालू आहेत, आता नळदुरुस्तीचं काम बंद, पॅनल धुणाऱ्याने पॅनलच धुवावीत, कुणाच्या घरी जाऊ नये! ज्या घरची तक्रार नोंदलेली असेल तेवढ्याच घरी जावं. आता मला सांगा, मी काय करायला हवं होतं? नोंदवली. नियमाने नोंदवली. त्यांना एवढंच सांगितलं, माझ्या घरची परवानगी काढलीय, आणि कशी ते त्यांनी विचारलं नाही. मी जन्मात नियमाबाहेर काही केलेलं नाही.

टेकडी... हो. ते मला कळतं. कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? माझी भाची राहते वर. धाकट्या बहिणीची मुलगी, माझ्याच अंगाखांद्यावर वाढलेली, पोटुशी आहे आता. तिच्या नळाचा पाइप दाराशी येऊन तोंडाला बूच लावून उभा आहे. परवा आली होती, इथेच त्या स्टुलावर बसली, आणि म्हणाली, मावशी, तो तक्रारवाला मेला कोण आहे तो सापडू दे, त्याच्या डोक्यावर रिकामी बादली घालते. मी म्हटलं, घालच. आणखी काय म्हणणार? मीही चार शिव्या दिल्या त्याला. चांगल्या ठसठशीत दिल्या. पंपवाले होते तेव्हा इथे, चहा पीत होते. त्यांनी मात्र शिवी नाही दिली. एवढंच म्हणाले, माणूस चिकाटीचा दिसतो. आणि कपात बघत म्हणाले, हुशारही असणार. बघा! भोळा सांब. समोर बसलेय मी आणि यांना पत्ता नाही.

तिचे पाण्याचे कॅन तेच पोचवतात वर, भाचीचे. कुणी सांगितलं नाही, आपणहून. सायकलला दोन्ही बाजूंनी बांधतात आणि चढावर सायकल ढकलत नेतात, या वयात. परत येतात तेव्हा धाप लागलेली असते, छाती भात्यासारखी. मी म्हणते बसा, तर म्हणतात, आधी नळ बघतो. मला ते... मला ते बघवत नाही, खरं सांगते. रात्री ठरवते, उद्या फोन करायचा, तक्रार मागे घ्यायची. सकाळी ती फडक्याची काठी दिसते खिडकीतून, आणि मी... अहो, कुठे निघालात? नळ बघायचाय? आहे तो, तसाच आहे, अनियमित. तिकडे खाली कशाला वाकताय, खाली काही नाही, बादली आहे, जुना पाट आहे, पॅन्ट खराब होईल, अहो — सरकवू नका तो पाट!

...

बरं. सापडला. कॉक आहे तो. घरातला कॉक, प्रत्येकाच्या घरात असतो. फिरवला तर पाणी बंद, उलटा फिरवला तर... हो, आलं पाणी. येणारच. भरपूर आहे पाणी, धो धो आहे, शासनाचे उपकार आहेत. झालं समाधान? सकाळी ते फडकं उचलतात तेव्हा बंद करते, ते गेले की सोडते. आता हे लिहून घ्या तुमच्या पाटीवर, मोठ्या अक्षरात लिहा. असं बघू नका माझ्याकडे, मी तुमच्या आईपेक्षा मोठी असेन. आणि सोपं नव्हतं हो ते. सुरुवातीला एवढा घट्ट होता, गंजलेला, फडकं गुंडाळून दोन्ही हातांनी जोर करायचा तेव्हा कुठे हलायचा, मनगटातून कळ जायची डोळ्यापर्यंत. त्याचीच तर ती पट्टी, शिक्क्यांची कसली. मग डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला दाबायला, त्याचा गुण आला बघा. आता एका बोटाने फिरतो, लोण्यासारखा. या वयात मनगटात अशी ताकद येते कुणाच्या?

काय? बोट काय दाखवताय? काळं लागलंय, मग पुसा की, ते फडकं घ्या. मी कशाला बघू? कॉकलाच होतं? असेल, गंज...

गंज नाही.

द्या बघू बोट इकडे. उजेडात या.

...

मी नाही लावलं. माझ्याकडे कुठून येणार ग्रीस? मी तर त्या पाटामागे... पाट मी नीट सरकवून ठेवते, कडेला कड लावून. मी चहाचं आधण ठेवायला वळते तेव्हा... पट्टी बांधली होती तेव्हापासून. म्हणजे तेव्हापासून. आणि एक डोळा मिटून तोटीत बघायचं. हवा धरलीय, बाई. आज ढग होता, बाई.

हुशारही असणार, म्हणे.

नाही, मला काही झालेलं नाही. स्टूल नको, या खुर्चीवर बसते मी. पाणी नको, आहे ना पाणी, धो धो आहे. तुम्ही जरा गप्प — तुम्ही गप्पच आहात. चांगले आहात तुम्ही, तुमच्या आईने चांगलं वाढवलंय. द्या ती पाटी इकडे. कुठे सही करायची? बोटाने? बोटाने सही करायची म्हणजे शासनाने कमालच केली. वर काय लिहिलंय — 'तक्रारदाराचे समाधान झाले आहे काय?' हो लिहा. पूर्ण लिहा. आणि खाली शेऱ्यात लिहा, पाणी नियमित येते. आणि टेकडीचा दाखला आजच पाठवा, उद्यावर टाकू नका, मी तुमच्या कचेरीत फोन करून विचारणार आहे, एक दाबा, दोन दाबा करत बसेन पण विचारेन. भाचीच्या दारातलं ते बूच तिच्या बाळंतपणाच्या आत निघायला हवं. आणि चढावर सायकल ढकलणं बंद व्हायला हवं एकाचं.

अगंबाई, सायकल कुठेय? तिथे नाहीये. निघाले ते. उठा, पिशवी घ्या, तो जिना, पायऱ्या जपून, शेवटची हलते. आणि कुठे भेटले तर म्हणा, मीटर बघायला आलो होतो. काहीही म्हणा.

परत कुठे वाकताय? कॉक बंद करताय? माझ्यासाठी? नको. राहू दे उघडा, आणि पाटही राहू दे बाजूलाच. बघू या तरी, आज काय दुरुस्त करतात ते.

जा आता.